युद्धकाळात शेवटचा शब्द कुणाचा? सरकार आणि सेनापती यांच्यातलं नातं

युद्ध करायचं की नाही हे सरकार ठरवतं आणि ते कसं लढायचं हे सैन्य ठरवतं, ही विभागणी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ऐकायला ती रास्त वाटते. प्रत्यक्ष युद्ध सुरू झालं की ती फार लवकर अपुरी पडते.

नोव्हेंबर 1950 मधला कोरियातला प्रसंग घ्या. तिथे अमेरिका दक्षिण कोरियाच्या बाजूने लढत होती. चीन आणि उत्तर कोरिया यांच्या सीमेवरून यालू नदी वाहते आणि तिच्या पुलांवरून चिनी सैन्य कोरियात उतरत होतं. पूल उडवणं हे निखळ लष्करी काम. पण विमान जरा पलीकडे गेलं की ते चीनच्या हद्दीत शिरणार. चीनच्या पाठीशी सोव्हिएत संघ होता आणि सोव्हिएत संघाकडे 1949 पासून अणुबॉम्ब होता. म्हणून वॉशिंग्टनहून हुकूम गेला की पुलांच्या फक्त कोरियाकडच्या टोकांवर बॉम्ब टाकायचे. पुलाचं कुठलं टोक फोडायचं हे सरकार ठरवत होतं. हा प्रश्न ‘कसं लढायचं’ यातला आहे की ‘कशासाठी लढायचं’ यातला? दोन्हींतला आहे.

मोठ्या युद्धात असे प्रश्न रोज येतात. त्यामुळे रेघ कुठे आखायची यावर वाद घालण्यापेक्षा, त्या रेघेवर उभं राहून दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे. शेवटचा शब्द राजकीय नेतृत्वाचाच असतो. माणसं आणि पैसा देशाचा जातो आणि त्याचा जाब लोक सरकारलाच विचारतात. पण तो शब्द देण्याआधी किती प्रश्न विचारले गेले आणि किती खरी उत्तरं मिळाली, यावर त्या निर्णयाची किंमत ठरते. नेता आणि सेनापती यांचं नातं बिघडतं तेव्हा स्वभावांना दोष दिला जातो. बहुतेक वेळा त्याआधी कामाची पद्धत बिघडलेली असते.

हुकुमात काय असायला हवं

मोहीम सुरू करताना सरकार सेनापतीला लेखी निर्देश देतं. ते दोन पानांत बसू शकतात, पण काही गोष्टी सुटल्या तर पुढे त्याची किंमत माणसांनी मोजावी लागते. युद्ध थांबेल तेव्हा परिस्थिती कशी हवी आहे, त्यासाठी सैन्याने नेमकं काय मिळवायचं, काय करायचं नाही, किती सैन्य, दारूगोळा आणि वाहतूक मिळणार, आणि हाताशी वेळ किती, एवढं तरी त्यात हवं. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: परिस्थिती बदलली तर कोणता निर्णय पुन्हा सरकारकडे आणायचा.

‘शत्रूला धडा शिकवा’ हे उद्दिष्ट नव्हे. त्यावरून नकाशावर एकही बाण काढता येत नाही. ‘अमुक खिंड अमुक तारखेपर्यंत ताब्यात घ्या आणि तिच्या पलीकडे जाऊ नका’ म्हटलं की किती बटालियन लागतील, तोफा कुठे बसतील, रोज किती टन सामान वर चढवावं लागेल, याचा हिशेब मांडता येतो. हिशेब जुळत नसेल तर तेही त्याच दिवशी कळतं.

दोन तोंडांनी बोलल्यावर काय होतं, तेही कोरियातच दिसलं. 27 सप्टेंबर 1950 ला तिथले सरसेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांना अमेरिकेच्या संयुक्त लष्करप्रमुखांचे निर्देश गेले: 38व्या अक्षवृत्ताच्या, म्हणजे दोन कोरियांमधल्या सीमेच्या, उत्तरेला जा, पण चीन आणि सोव्हिएत सीमेला लागून असलेल्या प्रांतांत कोरियन सोडून दुसरं सैन्य नेऊ नका. दोनच दिवसांनी संरक्षणमंत्री जॉर्ज मार्शल यांचा संदेश गेला की उत्तरेकडे जाताना डावपेचांच्या आणि व्यूहरचनेच्या दृष्टीने स्वतःला मोकळं समजा. 24 ऑक्टोबरला मॅकआर्थर यांनी सगळं सैन्य सीमेकडे सोडलं. वॉशिंग्टनने विचारलं तेव्हा त्यांनी लष्करी गरज सांगितली आणि मार्शल यांच्या संदेशाकडे बोट दाखवलं. कुणी त्यांना थांबवलं नाही. महिनाभरात चिनी सैन्याचा मोठा हल्ला आला आणि ते सैन्य विखुरलेल्या अवस्थेत सापडलं. मर्यादा घालणारं पत्र आणि मोकळीक देणारं पत्र एकाच हाती दिलं, तर माणूस सोयीचं पत्र वर ठेवणार. इथे पहिला दोष मी वॉशिंग्टनला देईन.

वेळेचा हिशेब तर राजकीय नेत्यांना बहुधा कुणी नीट समजावतच नाही. अनेक सैन्यांत एक साधा नियम पाळतात: मिळालेल्या वेळातला एक तृतीयांश वेळ आपल्या योजनेसाठी वापरायचा आणि दोन तृतीयांश खालच्या स्तरासाठी सोडायचा. समजा हल्ल्याच्या 72 तास आधी हुकूम कोअरकडे, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून बनलेल्या मोठ्या दलाकडे, आला. तिच्याखाली उतरत्या क्रमाने डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन आणि कंपनी असतात. कोअरने 24 तास घेतले, डिव्हिजनला 48 उरले. डिव्हिजनने 16 घेतले, ब्रिगेडला 32 उरले. ब्रिगेडकडून बटालियनकडे येईपर्यंत सुमारे 21 आणि कंपनीकडे येईपर्यंत 14 तास. एवढ्यात कंपनी कमांडरने उजेडात जागा पाहायची, जवानांना समजावायचं, दारूगोळा वाटायचा आणि अंधारात चालत ठिकाणी पोचायचं. मंत्रिमंडळाने निर्णय एक दिवस लांबवला आणि हल्ल्याची वेळ तीच ठेवली, तर कंपनीच्या हाती 9 तास राहतात. जागा न पाहता हल्ला करावा लागतो तो असा. वरच्या बैठकीत एका दिवसाने फारसं बिघडल्यासारखं वाटत नाही. खाली शेवटच्या माणसाच्या हातचा एक तृतीयांश वेळ त्यात जातो.

सल्ला कसा द्यायचा

सेनापतीची जबाबदारी ‘होय साहेब’ म्हणून संपत नाही आणि ‘शक्य नाही’ म्हणूनही संपत नाही. त्याने पर्याय मांडायचे असतात. प्रत्येकाला काय लागेल, किती दिवस लागतील, कुठे फसू शकतो आणि फसला तर माघारीची वाट कुठली, हे सगळं त्यात आलं पाहिजे. एक चुकीची सवय इथे फार दिसते. तीन पर्याय द्यायचे, त्यातले दोन मुद्दाम अशक्य ठेवायचे, म्हणजे सरकार आपल्याला हवा तोच निवडतं. हुशार नेता हे ओळखतो, आणि एकदा ओळखलं की पुढच्या खऱ्या सल्ल्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

1962 आणि 1971 ही दोन वर्षं शेजारी ठेवली की सल्ला देणं आणि घेणं म्हणजे काय, हे स्वच्छ दिसतं.

सप्टेंबर 1962 मध्ये ईशान्य सीमेवर थागला डोंगररांगेच्या पायथ्याशी चिनी सैन्य उतरलं. 22 सप्टेंबरच्या दिल्लीतल्या बैठकीला पंतप्रधान नेहरू नव्हते, ते परदेशात होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला होते. चिन्यांना हुसकावलं तर ते लडाखमध्ये प्रत्युत्तर देतील, असा इशारा लष्करप्रमुख जनरल थापर यांनी दिला आणि लेखी हुकूम मागितला. हुकूम आला, त्यावर सही होती एका सहसचिवाची. त्या भागाची जबाबदारी असलेले कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी रसदीचा हिशेब मांडून हे जमणार नाही असं सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडून तो भाग काढला गेला आणि नवी चौथी कोअर उभी करून ती लेफ्टनंट जनरल कौल यांच्याकडे दिली. कौल आजारी पडून दिल्लीला परतले तरी कोअर त्यांच्याकडेच राहिली. नामका चू ओढ्याकाठी, शत्रूच्या खाली, उन्हाळी कपड्यांत आणि माणशी जेमतेम 50 गोळ्यांवर एक ब्रिगेड बसवली गेली. 20 ऑक्टोबरच्या सकाळी काही तासांत ती मोडली.

इथे एकट्या राजकारण्यांना दोष देणं सोपं आहे, पण अपुरं आहे. लेखी हुकूम मागणं म्हणजे असहमती नव्हे. ‘एवढं सैन्य, एवढी रसद, एवढे दिवस मिळाले नाहीत तर ही ब्रिगेड बुडेल’ हे वाक्य लष्करप्रमुखाने पंतप्रधानांसमोर मांडायचं होतं. ज्याने हिशेब मांडला तो बाजूला झाला, आणि ज्यांना हा हिशेब ऐकून निर्णय घ्यायचा होता ते त्या बैठकीत नव्हते. उंचीवर लढणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्याने चढवत हवेची सवय करून द्यावी लागते, आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. दिल्लीतली घाई फुप्फुसांना कळत नाही.

एप्रिल 1971 च्या अखेरीस पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. जनरल माणेकशॉ यांनी लगेच चढाई करायला नकार दिला, हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितला. लोक नकार लक्षात ठेवतात. कारणं जास्त महत्त्वाची आहेत. पाऊस सुरू झाला की बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात आणि सैन्य रस्त्यांवर अडकतं. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात आणि चीनला हस्तक्षेप करणं अवघड जातं. सैन्याच्या तुकड्या देशभर विखुरल्या होत्या. सुगीचा हंगाम होता, त्यामुळे सैन्य हलवायला रेल्वे आणि रस्ते घेतले असते तर धान्य अडलं असतं. प्रत्येक कारणाला ऋतू जोडलेला होता, म्हणून नकारातूनच तारीख निघत होती. ‘आत्ता नाही, हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि तोवर मला हे हे हवं.’ असा सल्ला मिळाला की सरकारलाही काम मिळतं. मधल्या महिन्यांत 9 ऑगस्टचा भारत-सोव्हिएत करार झाला, इंदिरा गांधींनी पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा केला, आणि सैन्याने सीमेजवळ साठे जमवले. 3 डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

टेबलावर कोण बसतं

नेता कितीही हुशार असो, योग्य माणूस खोलीत नसेल तर त्याला योग्य गोष्ट कळत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मंगळवारी दुपारच्या जेवणावर जवळच्या सहकाऱ्यांबरोबर बॉम्बफेकीची लक्ष्यं ठरवत. बरीच वर्षं त्या टेबलावर गणवेशातला माणूस नियमित बसत नव्हता आणि काय ठरलं याचं व्यवस्थित टिपणही होत नव्हतं. लक्ष्य निवडलं जाई, पण त्या भागातलं हवामान, विमानविरोधी तोफा, परतीचा मार्ग यांचं उत्तर देणारा कुणी तिथे नसे.

चर्चिल यांनी 10 मे 1940 ला पंतप्रधानपद घेताना संरक्षणमंत्रिपदही स्वतःकडे ठेवलं. तिन्ही दलांच्या प्रमुखांची समिती थेट त्यांच्याशी बोलू लागली आणि मधल्या माणसांनी मजकूर गाळायची सोय संपली. ते मध्यरात्रीपर्यंत वाद घालत. नॉर्वेत उतरायचं, सुमात्राच्या टोकाला उतरायचं, अशा कल्पना ते पुन्हा पुन्हा आणत. लष्करप्रमुख ॲलन ब्रुक तेवढ्याच चिवटपणे जहाजांचा आणि विमानांच्या पल्ल्याचा हिशेब पुढे ठेवत. तिन्ही प्रमुख एकमताने लष्करी कारणासाठी नाही म्हणाले, तर चिडून का होईना, चर्चिल थांबत. शेवटचा अधिकार त्यांचाच होता. पण एकमताचा नकार डावलायचा नाही, ही मर्यादा त्यांनी पाळली.

उलटं उदाहरण हिटलरचं. 19 डिसेंबर 1941 ला त्याने जर्मन भूदलाचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. पूर्व आघाडी एका मुख्यालयाकडे आणि बाकीच्या आघाड्या दुसऱ्या मुख्यालयाकडे गेल्या. दोन्हींना जोडणारा माणूस तो एकटाच. राखीव डिव्हिजन रशियात पाठवायची की भूमध्य समुद्राकडे, याची तुलना करून सांगणारं एकही कार्यालय उरलं नाही. सप्टेंबर 1942 मध्ये भूदलाचे मुख्य स्टाफ अधिकारी हाल्डर गेले आणि वाद घालणारं आणखी एक तोंड बंद झालं. स्टालिन मात्र त्याच काळात उलट्या दिशेने गेला. जुलै 1941 मध्ये कीव्ह सोडून माघार घ्या म्हणणाऱ्या झुकोव्ह या आपल्या जनरल स्टाफच्या प्रमुखाला त्याने पदावरून हटवलं. सप्टेंबरमध्ये तिथे वेढा पडला आणि जर्मनांच्या दाव्यानुसार सहा लाखांहून अधिक कैदी गेले. वर्षभराने त्याच झुकोव्हचा आणि वासिलेव्हस्की या दुसऱ्या सेनानीचा सल्ला तो ऐकू लागला. 9 ऑक्टोबर 1942 ला कमांडरच्या हुकुमात राजकीय कमिसारने, म्हणजे सैन्यात नेमलेल्या पक्षाच्या प्रतिनिधीने, वाटा घेण्याची पद्धत बंद झाली. 19 नोव्हेंबरला स्टालिनग्राडभोवतीचा प्रतिहल्ला सुरू झाला. स्टालिन काही सौम्य झाला नव्हता, पण ऐकण्याने युद्ध जिंकता येतं हे त्याला पटलं होतं.

तपशिलात किती शिरायचं

‘नेत्याने तपशिलात शिरू नये’ हा सरधोपट नियम मला चुकीचा वाटतो. प्रश्न विचारण्यासाठी शिरावं, हुकूम देण्यासाठी शिरू नये. 3 फेब्रुवारी 1862 ला, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी आपले सेनापती जनरल मॅक्लेलन यांना पत्र लिहिलं. दोघांच्या योजना वेगळ्या होत्या. लिंकन यांनी पाचच गोष्टी विचारल्या. तुमच्या योजनेत वेळ आणि पैसा जास्त लागत नाही का? विजयाची खात्री कशी अधिक? तो विजय अधिक मोलाचा कसा? शत्रूची दळणवळणाची मोठी वाट माझ्या योजनेत तुटते, तुमच्यात तुटत नाही, मग मोल कमी नाही का? आणि हरलात तर माघार जास्त अवघड नाही का? युद्धशास्त्र न शिकलेल्या वकिलाचे हे प्रश्न आजही कुठल्याही मोहिमेला लावता येतात. दोन वर्षांनी योग्य माणूस मिळाल्यावर त्याच लिंकन यांनी नवे सेनापती ग्रँट यांना लिहिलं की तुमच्या योजनेचे बारकावे मला ठाऊक नाहीत आणि ते जाणून घ्यायचेही नाहीत. विश्वास कामगिरीतून आला होता, म्हणून प्रश्न कमी झाले.

आज ड्रोनच्या कॅमेऱ्यातून एखाद्या पथकाची चकमक राजधानीत थेट दिसते. दिसतं म्हणून बोलायचा मोह होतो. पण पडद्यावर फक्त कॅमेऱ्याची चौकट दिसते. शेजारच्या टेकडीवर काय आहे, दारूगोळा किती उरलाय, जखमी किती, हे त्यात नसतं. वरून एक सूचना गेली की खालचा कमांडर पुढच्या सूचनेची वाट पाहू लागतो, आणि तेवढ्यात संधी जाते.

मर्यादा घालणं मात्र वेगळं. 1999 मध्ये कारगिलला नियंत्रणरेषा ओलांडायची नाही, असा स्पष्ट हुकूम होता. 26 मेपासून वापरलेल्या वायुदलालाही तो लागू होता. त्याची किंमत मोठी होती. पलीकडून रसद तोडता येत नव्हती, त्यामुळे उघड्या कड्यांवरून समोरासमोर चढावं लागलं. अधिकृत आकड्यानुसार 527 जवान आणि अधिकारी गेले. पण मर्यादा सुरुवातीपासून ठाऊक असल्याने योजना तिच्यात बसवून झाल्या, तोफखाना मोठ्या संख्येने आणला गेला, आणि परदेशांचा दबाव पाकिस्तानवर पडला. तीच मर्यादा अर्ध्या लढाईत घातली असती तर चढलेल्या तुकड्या अधांतरी राहिल्या असत्या.

सेनापती धोरण चालवू लागला तर

ऑगस्ट 1916 पासून जर्मनीत हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ या सेनापतींचा शब्द चालू लागला. नौदलाचा हिशेब होता की दरमहा सहा लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका युद्धात उतरेल, ही चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, बेथमान-होल्वेग यांची भीती होती. 9 जानेवारी 1917 च्या बैठकीत सेनापतींचं म्हणणं मान्य झालं आणि 1 फेब्रुवारीपासून पाणबुड्या बेछूट सुटल्या. 6 एप्रिलला अमेरिकेने युद्ध पुकारलं. सुरुवातीच्या महिन्यांत टनांचा आकडा गाठलाही गेला. पण ब्रिटन जहाजांचे तांडे संरक्षणात नेऊ लागेल, आणि अमेरिकी सैनिक समुद्र ओलांडून येतील, हे त्या हिशेबात धरलं नव्हतं. एका दलाचा आकडा अख्ख्या देशाच्या धोरणाच्या जागी बसला.

पटलं नाही तर सेनापतीने काय करावं? तोंडी सांगावं, मग लेखी द्यावं, फेरविचार मागावा, तरी पटलं नाही तर मनापासून अंमल करावा किंवा पदमुक्त करा म्हणावं. बेकायदा हुकूम मात्र पाळायचाच नसतो. वर्तमानपत्रांकडे किंवा विरोधी पक्षाकडे जाणं या क्रमात कुठेही येत नाही. मॅकआर्थर यांनी विरोधी पक्षाच्या नेत्याला लिहिलेलं सरकारच्या धोरणाविरुद्धचं पत्र 5 एप्रिल 1951 ला सभागृहात वाचलं गेलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लष्करप्रमुखांची मतं घेतली आणि 11 एप्रिलला मॅकआर्थर यांना काढलं. बदली अधिकारी, जनरल रिजवे, आधीच कोरियात होते, त्यामुळे आघाडी खिळखिळी झाली नाही. पण बातमी फुटेल या भीतीने घोषणा मध्यरात्रीनंतर घाईने झाली आणि मॅकआर्थर यांना ती आधी रेडिओच्या बातमीतून कळली. निर्णय बरोबर होता, कळवण्याची रीत चुकली, आणि लोकांचा राग त्यामुळे आणखी वाढला.

थांबायचं कधी

शेवटाकडे येताना दोघांचं घड्याळ वेगळं चालतं. 1870-71 मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा तिथले सरकारप्रमुख बिस्मार्क यांना लवकर तह हवा होता, कारण दुसरी राष्ट्रं मध्ये पडतील अशी त्यांना भीती होती. सेनापती मोल्टके यांना फ्रेंच सैन्य पुरतं मोडायचं होतं, आणि ते बिस्मार्कना लष्करी बैठकांपासून लांब ठेवत. वाद शेवटी राजा विल्यम यांनी बिस्मार्कच्या बाजूने सोडवला. मध्ये असा निवाडा करणारा नसेल तर लढाई सवयीने चालू राहते.

डिसेंबर 1971 मध्ये ढाका पडल्यावर पश्चिम आघाडीवर पुढे जायचं की नाही हा निर्णय इंदिरा गांधींनी घेतला आणि 17 डिसेंबरला रात्री 8 पासून एकतर्फी शस्त्रसंधी लागू झाली. शस्त्रसंधी म्हणजे एक वाक्य नसतं. नेमकी वेळ, कुठली चौकी कुणाकडे, कैद्यांच्या याद्या, सुरुंगांचे नकाशे, दोन्ही बाजूंचे अधिकारी कुठे भेटणार, हे सगळं लिहावं लागतं. जुलै 1972 च्या सिमला करारात नेत्यांनी नियंत्रणरेषा मान्य केली. ती जमिनीवर कुठून जाते हे मात्र दोन्ही लष्करांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी बैठकांमागून बैठका घेऊन नकाशांवर आखलं. ते काम डिसेंबर 1972 मध्ये सुचेतगडला पूर्ण झालं.